पिल्लू घेण्याआधी

"मला एक कुत्रं हवंय," आई म्हणाल्या, आणि टोस्टला लोणी लावत राहिल्या.

ती दारापाशी वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बोटांत तशीच राहिली. "काय?" तिनं विचारलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही. दिवसभर ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. जाड भिंतींच्या एका बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, काचेच्या अलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि आवाज आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. कोणाला खरंच ऐकू येत नाही आणि कोण नुसतं 'काय?' म्हणून वेळ मारून नेतंय, हे तिला आता चेहऱ्यावरून कळायचं. या क्षणी ती स्वतः वेळ मारून नेत होती. "कुत्रं गं," आई म्हणाल्या. "लहान जातीचं. मोठं मला झेपायचं नाही. ते पॉमेरेनियन का काय म्हणतात ना, कापसाच्या बोळ्यासारखं. तसलं." आणि सुरी धुवायला उठल्या. ज्या बाईनं जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता, लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचं कुत्रं शिरलं की जी कोपरं अंगाशी घेऊन भिंतीला चिकटायची, ती सासू सत्तरी उलटल्यावर सकाळी उठून कुत्रं मागत होती, आणि मागताना तिच्या आवाजात साखर संपलीय सांगण्याइतकीच निकड होती. "बघू," ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की हे नुसतं कुत्र्याचं नाही.

कारण तो फोन. परवाच आला होता. दुसऱ्या शहरातल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलातून. तिथं नवा विभाग निघत होता, जन्मलेल्या बाळांचे कान तपासायचा, आणि तो तिनं सांभाळावा असं त्यांचं म्हणणं होतं. ती बोलायला बाल्कनीत गेली होती, काचेचं दार लावून. आई आत बसल्या होत्या, टीव्ही चालू होता. दार लावलं होतं, हे तिनं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पण आईंचे कान गेल्याच वर्षी तिनं स्वतः तपासले होते, आणि सहकाऱ्यांना कौतुकानं सांगितलं होतं की या वयात असे कान मी पाहिले नाहीत. मग कुत्रं आत्ताच का? तू गेल्यावर मला सोबत हवी, असा त्याचा अर्थ होता, की कुत्रं आणलं म्हणजे तुझा पाय घरातून निघायचा नाही, असा? दोन्ही अर्थ तिला दिवसभर चावत राहिले. बंद खोलीत बसलेले एक आजोबा आवाज नसतानाच घाईघाईनं बटण दाबत होते, चुकेल या भीतीनं. एरवी ती यंत्र थांबवून समजावून सांगायची. त्या दिवशी ती काचेतून त्यांच्या अंगठ्याकडे नुसती बघत राहिली.

नवरा जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. ऑफिसातच गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. त्या दिवसापासून त्या दोघी त्या घरात राहत होत्या, आणि का राहत होत्या हे कोणी विचारलं नव्हतं. आधी भेटायला येणारी माणसं होती, मग बँकेची कामं, मग थंडी पडली, मग नळ गळायला लागला. सकाळी आधी आईंनी अंघोळ करायची, मग तिनं. चहा आईंनी, भांडी तिनं. सगळं इतकं गुपचूप ठरत गेलं होतं की ते ठरलंय हेही कोणी बोललं नाही. तो असताना सासू-सुनांत जी काही धुसफूस होती तीसुद्धा त्याच्याबरोबर गेली. धुसफुशीला मधे कोणीतरी लागतं. आता उरला होता तो अदबशीरपणा, दोन परक्या माणसांनी रेल्वेच्या डब्यात एकमेकींच्या पायांना पाय लागू नये म्हणून जपावं तसा. कधी कधी रविवारी दुपारी आई डुलकी घेत असल्या की ती त्यांच्याकडे बघायची. झोपेत त्यांची हनुवटी थेट त्याच्यासारखी दिसायची. मग ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. ही आपली कोण, असं मनात यायचं, आणि ते आल्याचीही लाज वाटायची.

दवाखान्याच्या इमारतीतच खाली जनावरांचे डॉक्टर होते. चेष्टेखोर माणूस. येता-जाता नमस्कार-चमत्कारापुरती ओळख. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्याकडे गेली. "पिल्लू घ्यायचंय की खेळणं?" त्यांनी विचारलं. ती हसली नाही म्हणून तेही सावरून बसले. "हे बघा, लहान जातीत फसवणूक फार. लोकांना जितकं लहान तितकं गोड वाटतं, मग विकणारे आईपासून लवकर तोडतात, अर्धपोटी ठेवतात. गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनळी नाजूक असते, टाळू भरलेली नसते. हे वरून दिसत नाही. म्हणून पिल्लू बघायच्या आधी त्याची आई बघा. कुठं राहते, कशी आहे, माणसाजवळ येते का, की लपते. जो आई दाखवत नाही त्याच्याकडून उंदीरसुद्धा घेऊ नका." "आणि जगतात किती?" तिनं विचारलं. "चांगलं निघालं तर चौदा-पंधरा वर्षं." ती उठली, आभार मानले, जिना चढली. चौदा-पंधरा वर्षं. आई तेव्हा कुठं असतील, आपण कुठं असू? आपण पन्नाशीच्या पुढे. हातात साखळी, साखळीला एक म्हातारं कुत्रं, त्याच घरात, त्याच लिफ्टमध्ये, भिंतीला चिकटून.

म्हणूनच असेल, तिनं सगळं ऐकून-समजून फोनवरची पहिलीच जाहिरात धरली. पांढऱ्या, तांबूस पिल्लांचे फोटो, सगळे एकाच सोफ्यावरचे. 'फोन करा, हवं तिथे आणून देऊ.' माणसाचा आवाज तुकतुकीत होता. रंग कोणता पाहिजे तेवढंच त्यानं विचारलं. घरी कोण असतं, कशासाठी घेताय, पूर्वी पाळलंय का, काही नाही. फोन ठेवल्यावर तिला जे वाटलं ती सुटका होती, आणि सुटका का वाटावी ते तिनं स्वतःला विचारलं नाही. झटपट उरकलेलं बरं. कुत्रं येईल, आई त्यात रमतील, मग एखाद्या संध्याकाळी सहज म्हणता येईल, मला तिकडं बोलावलंय. कुत्रं मधे असलं की तेवढं जड जाणार नाही.

रविवारी मंडईच्या मागच्या गाडीतळावर त्यानं बोलावलं होतं. "कुत्रं बघायला असं गाडीतळावर?" आई वाटेत म्हणाल्या. "चांगलं स्थळ असलं म्हणजे घरी बोलावतात." ती म्हणाली, "हल्ली असंच असतं, आई." तो माणूस वेळेआधीच येऊन उभा होता. त्यानं गाडीची डिकी उघडली, आत पुठ्ठ्याचं खोकं, त्यात हात घातला, आणि ती काही बोलायच्या आत तिच्या ओंजळीत एक जीव ठेवला. वजनच नव्हतं त्याला. केसांखाली हाडं, चिमणीसारखी. डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिकट काहीतरी वाळलेलं, पोट मात्र ताणलेलं, टरटरीत. ते ओरडलं नाही, वळवळलं नाही. नुसतं थरथरत होतं, एकसारखं, बारीक, कानाला येणार नाही पण हाडाला कळेल असं. तिच्या मनात आलं, या आवाजाला माझ्या यंत्रात आकडा नाही. "दोन महिन्यांचं आहे," तो म्हणाला. दात नुकते कुठे हिरडीतून डोकावत होते. "याची आई कुठाय?" तिनं विचारलं. "आई गावाला असते." "कुठल्या गावाला?" "लांब आहे हो. ती बघून काय करणार? घ्यायचं हे आहे ना." लस टोचलीय का विचारलं तर कागद मागाहून पाठवतो म्हणाला. मग जरा वैतागून, पण हसतच, "ताई, आवडलं की घ्यायचं. एवढं कशाला विचारता? मी विचारतो का तुम्हाला काही?"

ते वाक्य तिच्या आत कुठेतरी नेमकं जाऊन बसलं. खरंच, तो काही विचारत नव्हता. म्हणूनच ती इथे आली होती. डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला शब्द न् शब्द आठवत होतं, हे आजारी आहे हे दिसत होतं, आणि तरीही तिची ओंजळ आपोआप मिटत चालली होती. घेऊन टाकावं. निदान याची इथून सुटका होईल, असं एक मन म्हणत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या आडोशाला दुसरं मन बसलं होतं, ज्याला कशाही तऱ्हेनं हे आजच्या आज उरकायचं होतं. इतक्यात मागे तिच्या गाडीचं दार वाजलं. आई उतरून आल्या. जन्मात कुत्र्याला न शिवलेल्या आईंनी एका बोटानं पिल्लाच्या कपाळावरचे केस मागं सारले, जसे तापातल्या मुलाचे सारतात तसे, आणि बराच वेळ बघत राहिल्या. "याला आईजवळ नेऊन ठेवा," त्या त्या माणसाला म्हणाल्या. "दूध पितं आहे हे अजून." "आजी, बाटलीनं पितं." "तुम्ही पाजता?" त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दे गं परत," आई म्हणाल्या. ती हलली नाही. "आई, याला असंच सोडायचं?" "घेतलंस तर तो उद्या तसलंच दुसरं आणेल खोक्यातून. दे." त्यांचा हात पुढे झाला नाही, मदतीलाही नाही. तिनंच ते परत दिलं. खोक्याचं झाकण लागताना आवाज झाला नाही.

गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायची राहिली. तिच्या तळव्यात ती थरथर अजून चालू होती. आई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मग रुमाल काढून त्यांनी डोळे नाही, बोट पुसलं, तेच एक बोट. कुठे तक्रार करायची ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिनं केलीही, फोटोसकट. पुढे काय झालं ते कळलं नाही. जाहिरात काही दिवसांनी दिसेनाशी झाली, पण तोच सोफा दुसऱ्या नावानं पुन्हा दिसला की काय असं तिला वाटत राहिलं, आणि रात्री दिवा मालवला की ताणलेलं टरटरीत पोट बोटांखाली यायचं. आपण त्याला परत दिलं, हे बरोबर होतं. बरोबर असूनही ते आपण केलं होतं. हॉस्पिटलातून पुन्हा फोन आला, तिनं अजून थोडी मुदत मागितली. तिथल्या बाई म्हणाल्या, चालेल, पण फार नाही. आई कुत्र्याचं नाव काढेनात. तिला वाटलं, विषय मिटला. वाटलं, आणि हायसं वाटायच्या ऐवजी घरातली शांतता आणखी जड झाली. चहाचा कप ठेवतानासुद्धा आई तो अलगद ठेवायला लागल्या, जणू कोणी झोपलंय.

शेवटी डॉक्टरांनीच नंबर दिला. "मी तेव्हाच देणार होतो, पण तुम्ही घाईत होता. बाई तिखट आहे हं. पूर्वी शाळेत गणित शिकवायची. तुम्हालाच नापास करेल." गणिताच्या बाईंनी फोनवरच उलटतपासणी सुरू केली. कितवा मजला, बाल्कनीच्या गजांत अंतर किती, दिवसा घरी कोण, पायऱ्या चढताना उचलून कोण घेणार, घरात लहान मूल आहे का, पूर्वी कधी पाळलं होतं का, नसेल तर आताच का सुचलं. शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली. "माझ्या सासूबाईंना हवंय," ती म्हणाली. "मग त्यांना घेऊन या. पिल्लं अजून आईजवळ आहेत, आणखी काही आठवडे मी कोणाला देणार नाही. आधी तुम्ही या, मग बघू." आई म्हणाल्या, "हे बरंय. मुलाकडची आहे म्हणजे."

शहराच्या टोकाला ते घर होतं. बैठं, नुकती धुतलेली फरशी, साबणाचा आणि ओल्या केसांचा मिसळलेला वास. दार उघडायच्या आधीच आतून भुंकणं सुरू झालं. कुत्री पुढं आली, तांबूस, छाती फुगवून. आधी तिच्या बुटांचा, मग आईंच्या पायांचा वास घेतला, आणि दोघींत काहीतरी ठरवून टाकल्यासारखी जाऊन मधल्या सतरंजीवर बसली. "ही आई," गणिताच्या बाई म्हणाल्या. साठीच्या असाव्यात, अंगानं उंच, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "हिचे गुडघे, डोळे, हृदय, सगळं तपासून घेतलंय. बापाचंही. तो माझ्या मैत्रिणीकडे असतो, पाहिजे तर तोही बघून या. हिची दोन बाळंतपणं झाली, आता पुरे. गळ्यात पट्टा घालायचा नाही, छातीला बांधायचा. आणि एक गोष्ट आधीच सांगते. कधीही, कुठल्याही कारणानं कुत्रं नकोसं झालं तर इकडेतिकडे द्यायचं नाही, माझ्याकडे आणायचं. हे कबूल असेल तर पुढे बोलू." आईंनी मान हलवली. बाईंचे प्रश्न सुरू झाले. आई शाळकरी मुलीसारख्या गुडघ्यांवर हात ठेवून उत्तरं देत होत्या, आणि तिला मजा वाटायला लागली होती, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुमचं वय?"

"सत्तरीच्या पुढे."

"म्हणजे कुत्रं तुमच्यामागं राहील."

"राहील की," आई म्हणाल्या.

"मग ते कोणाकडे जाणार?"

आतल्या खोलीतून पिल्लांची कुईकुई येत होती, कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर चढत होतं. आवाज सोडलेला होता. आता बटण दाबायचं होतं. तिला आपला अंगठा जाणवला, त्या आजोबांचा होता तसा, ताठ. बाई तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही सून ना यांच्या? मुलगा कुठाय?" तिनं तोंड उघडलं, पण आई आधी बोलल्या. "मुलगा नाही आता. आम्ही दोघी एका घरात राहतो." एवढंच. ते खरं होतं, यापेक्षा खरं काही म्हणता आलं नसतं, आणि तरी ते ऐकून तिला आधी मोकळं वाटलं आणि लगेच कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं. मग आई त्याच सुरात म्हणाल्या, "पण हिचं धरू नका. ती जाणार आहे. दुसऱ्या गावी मोठी नोकरी लागलीय तिला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

"सांगायला कशाला हवं? माझे कान तूच तपासलेस ना?"

गणिताच्या बाई दोघींकडे बघत होत्या. शाळेत दोन मुली भांडताना मधे पडायचं की नाही हे ठरवत असाव्यात तशा. मग उठल्या. "मी चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तुमचं आधी ठरू द्या. न ठरलेल्या घरात मी पिल्लू देत नाही." स्वयंपाकघराचं दार त्यांनी मुद्दाम ओढून घेतलं.

कुत्री सतरंजीवरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "मग मला विचारायचंत," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात राग आहे याचं तिला नवल वाटलं. आईंशी रागानं बोलून वर्षं झाली होती. "एवढे दिवस ऐकून बसलात आणि सकाळी उठून कुत्रं मागितलंत. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तुम्ही मला बांधून घालताय."

"बांधून?" आई म्हणाल्या. "अगं, उलट. तू माझ्यापायी अडून बसशील म्हणून मागितलं. म्हटलं, घरात एक जीव असला की तुला निघता येईल. मी एकटी असले तर तू जायची नाहीस, आणि मग आयुष्यभर चहा देताना माझ्याकडे असं बघशील..." त्यांनी वाक्य सोडलं. "आणि विचारायचं म्हणतेस, तू तरी कुठं विचारलंस मला? बाल्कनीचं दार लावून घेतलंस."

इतके दिवस ती आईंच्या मनाचे दोन अर्थ लावत बसली होती, आणि तिसरा तिला सुचलाच नव्हता. तिला एकदम सगळ्या सकाळी आठवल्या. अंघोळीचं पाणी आई तिच्यासाठी जरा जास्तच गरम ठेवायच्या, तिला कढत लागतं म्हणून, आणि तिला ते कढत नको असायचं, पण तिनं कधी सांगितलं नव्हतं. असल्या कितीतरी गोष्टी. "मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "जावंसं वाटतं. आणि तुम्हाला सोडून गेल्यावर मी कोण असेन तेही कळत नाही. तो होता म्हणून तुम्ही माझ्या आई. तो नाही तर..." "तर?" "तर मला या नात्याचं नाव माहीत नाही." आईंनी बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. "मला तरी कुठं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "मी तुला त्या बाईसमोर काय सांगणार होते? सून म्हटलं की मुलगा कुठाय विचारतात. मुलगी म्हणावं तर तुझी आई आहे, ठणठणीत. म्हणून म्हटलं, एका घरात राहतो." आणि त्या हसल्या, जरा लाजून. ती मात्र हसता हसता रडायला लागली, आणि कुत्री उठून त्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली, कोणाकडे जावं ते न कळून.

चहा घेऊन बाई आल्या तेव्हा ती तोंड पुसून बसली होती. "मी बहुतेक जाणार आहे," ती म्हणाली. प्रत्येक शब्द उच्चारताना भीती वाटत होती, की हा एकदा बाहेर पडला की परत घेता येणार नाही. "पण यांना बरं नसलं, यांच्याच्यानं झेपलं नाही, तर फोन मला करायचा. मी येईन. आणि यांच्यामागं ते माझं." "कुत्र्यापुरतं बोलताय?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं. "आत्ता कुत्र्यापुरतंच नक्की सांगता येईल," ती म्हणाली. आईंनी कपातून वर पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आले. "चालेल," गणिताच्या बाई म्हणाल्या. "येत नसलेल्या गणिताचं उत्तर ठोकून देणाऱ्यांपेक्षा बरं." मग त्यांनी आतलं दार उघडलं. पिल्लं लोळत बाहेर आली. एक सरळ आईंच्या चपलेवर चढलं, एक कपाटाखाली शिरलं, एक दोघांच्या मधे बसून तमाशा बघू लागलं. आई चपलेवरच्याला उचलायला वाकल्या. "ते नाही," बाई म्हणाल्या. "निवडायचं तुम्ही नाही, मी. धीट तुम्हाला झेपणार नाही, आणि भित्रं तुम्हालाच भीती लावील. ते मधलं तुमचं." आईंनी मधल्याला दोन्ही हातांत घेतलं. ते गरम होतं, जड होतं, आणि रागानं ओरडलं. "ओरडतंय," आई आनंदानं म्हणाल्या.

पिल्लू घरी आलं ते आईच्या वासाची चिंधी बरोबर घेऊन. ती आणखी थोडे दिवस राहिली, आणि गेली. नव्या शहरातली खोली लहान होती, खिडकी समोरच्या भिंतीत उघडायची. हॉस्पिटलात झोपलेल्या बाळांच्या कानांत ती मऊ टोकाच्या नळ्या बसवायची. ही माणसं बटण दाबत नाहीत, खोटं दाबत नाहीत, यंत्र स्वतःच त्यांच्या कानांना विचारतं. ते तिला आवडलं. पण फोन वाजला की आईंचा आवाज येईपर्यंत ती श्वास धरून असायची, आणि आईंना सांगायचं असायचं ते भलतंच. पिल्लानं चपलेचा अंगठा खाल्ला. पिल्लू आता दाराशी कोणाला उभं राहू देत नाही, दूधवाल्यालासुद्धा नाही. शेजाऱ्यांनी त्याचं नाव फौजदार ठेवलंय. गणिताच्या बाई परवा तपासायला आल्या होत्या, वजन करून गेल्या, माझंही करायला निघाल्या होत्या. ती हसायची, आणि फोन ठेवल्यावर मोजत बसायची, की आई आज दोनदा खोकल्या का, मधेच गप्प का झाल्या, मागचा आवाज नळाचा होता की आणखी कशाचा. तिकडे असताना ती आईंचं इतकं कधी ऐकत नव्हती.

सुट्टी मिळाली तेव्हा हिवाळा सरत आला होता. लिफ्ट बंद होती. जिना चढताना वास तोच आला, कोणाच्या तरी इस्त्रीचा. दारासमोर ती थांबली. किल्ली अजून तिच्याकडे होती. किल्ली कुलपापर्यंत नेली आणि तिथेच राहिली. असं एकदम उघडून आत जायचं? आता ते घर कोणाचं आहे? पण बेल वाजवावी तर आपल्याच दारात पाहुण्यासारखं. ती तशीच उभी, हातात किल्ली, खांद्यावर पिशवी. आत काहीतरी धावत आलं. नखांचा आवाज, आणि दाराच्या फटीतून एकदम भुंकणं, बारीक, कडक, जिवाच्या आकांतानं, जणू दरोडाच पडला होता. तिनं त्याला एवढं मोठं पाहिलंच नव्हतं. तिच्या पायांचा वास त्याला माहीत नव्हता, किंवा असला तरी ते विसरलं होतं. ती एक पाऊल मागे सरली. परत जावं की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. कडी निघाली, दार उघडलं. पायांशी तांबूस फुगलेला गोळा उडत होता, दात दाखवत होता, तिला उंबरठ्याच्या आत येऊ देत नव्हता. मागून आई भाजीचा चमचा हातात तसाच धरून आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी खाली वाकल्या, एक हात भिंतीला टेकून, आणि त्या चिडलेल्या जिवाची समजूत घालू लागल्या.

"गप. गप रे, फौजदार. भुंकू नकोस. घरचीच आहे ती."